रिचमंडच्या भर शहरात राफ्टिंग : जेम्स नदी, पाण्याची पातळी आणि घरची मंडळी

अनघा_रिचमंड
नमस्कार मंडळी. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात साताऱ्याहून सासू-सासरे (वय ६० आणि ६४) आणि मुंबईहून दीर-जाऊ त्यांच्या दोन मुलांना घेऊन येत आहेत. मुलं ९ आणि १५ वर्षांची. सगळ्यांना जेम्स नदीवर राफ्टिंग करायचंय. इथे रिचमंडला (अमेरिकेतल्या व्हर्जिनियात) नदी शहराच्या मधून जाते, ऑफिसच्या इमारतींखालून बोटी जाताना दिसतात, त्यामुळे त्यांना वाटतंय की हा बागेतल्या तलावातल्या बोटिंगसारखा प्रकार असेल. कंपन्यांच्या पानांवर मात्र ‘ग्रेड ३-४’ (खळाळ किती अवघड ते सांगणारा १ ते ६ मधला आकडा) लिहिलेलं असतं. सासूबाईंना आणि जाऊबाईंना पोहता येत नाही.

प्रश्न असे : सगळ्यांना एकाच बोटीतून नेता येईल का? जूनमध्ये पाणी कसं असतं? शहरातली नदी म्हणून पाणी स्वच्छ असतं का? आणि बुकिंग करताना नेमकं काय विचारायचं?

नावाडी
अनघाताई, जेम्सवर एक नाही, दोन वेगळ्या ट्रिपा असतात. तिकडे ‘अपर’ आणि ‘लोअर’ म्हणतात. दोन्हींची नदी एक, पाणी एक, पण अनुभव पार निराळा.

अपर म्हणजे साधारणपणे पोनी पाश्चर किंवा त्याच्या थोडं वरून सुरुवात आणि रीडी क्रीकला शेवट. ग्रेड १-२. लांबलांब संथ पट्टे, मधूनमधून खळाळ, दगडांवर थांबून डुंबायला वेळ. लोअर म्हणजे रीडी क्रीकपासून पुढे बेल आइल या बेटाला वळसा घालून डाउनटाउनमधून चौदाव्या रस्त्याच्या पुलापर्यंत. इथे ग्रेड ३, आणि पाणी चढलं की ४. हॉलिवूड आणि पाइपलाइन ही दोन नावं तुम्ही ऐकली असतील, ती याच टप्प्यातली. हॉलिवूड हे नाव सिनेमावाल्या गावावरून नाही, वरच्या काठावरच्या हॉलिवूड दफनभूमीवरून पडलंय. मन्रो आणि टायलर हे दोन राष्ट्राध्यक्ष तिथे पुरलेत.

आता शहरातच एवढं खवळलेलं पाणी का, तर रिचमंड ‘फॉल लाइन’वर वसलंय. पश्चिमेचा कठीण कातळ संपतो आणि किनाऱ्याकडची भुसभुशीत जमीन सुरू होते, ती बरोबर इथे. ७ मैलांत नदी १०५ फूट उतरते. चौदाव्या रस्त्याच्या खाली ती भरती-ओहोटीची नदी होते, एकदम शांत. जहाजं समुद्राकडून इथपर्यंतच येऊ शकायची, म्हणून शहर इथे झालं. म्हणजे शहरामुळे खळाळ नाहीत, खळाळांमुळे शहर आहे.

बुकिंग करताना पहिला प्रश्न एकच विचारा : त्या दिवशी वेस्टहॅम गेज किती असेल आणि त्या आकड्याला तुम्ही कुणाला कुठल्या टप्प्यावर नेता? बाकी सगळं त्यानंतर.

सह्यवारा
ग्रेड ४ ऐकून उगाच घाबरू नका. बोटीत गाइड असतो, जॅकेट असतं, हेल्मेट असतं. ऋषिकेशला अजिबात पोहता न येणारे हजारो लोक जातात. सगळ्यांना एकत्र लोअरला न्या, हॉलिवूडमधून जाताना मागे उंच इमारती दिसतात तो फोटोच वेगळा. अपर म्हणजे नुसतं तरंगणं आहे.

डोहकाठ
@सह्यवारा, असहमत. ग्रेड हा आकडा नदीला कायमचा चिकटवलेला नसतो, तो त्या दिवशीच्या पाण्याचा असतो. एकच खळाळ एका पातळीला ३ आणि दोन फूट वर ४. आणि ९ वर्षांच्या मुलाला लोअरला बहुतेक कंपन्या घेणारच नाहीत. किमान वय कंपनीगणिक आणि पातळीगणिक बदलतं, पाणी चढलं की वयाची अटही चढते. तेव्हा बुकिंग झालं तरी आदल्या दिवशी ‘मुलाला नेता येणार नाही’ असा फोन येऊ शकतो, हे आधीच धरून चाला.

कातळ
नावाडी यांनी फॉल लाइनचं छान सांगितलं, त्यात थोडी भर. तिथला दगड ग्रॅनाइट, आपल्या सह्याद्रीसारखा बेसाल्ट नाही. पण निघोजला कुकडीच्या पात्रात जसे रांजणखळगे आहेत, तसे बेल आइलच्या खडकांतही आहेत. कारण तेच : भोवऱ्यात अडकलेला गोटा वर्षानुवर्षं गरगर फिरतो आणि खडकाला भोक पाडतो. पाणी कमी असताना हॉलिवूडच्या बाजूच्या सपाट खडकांवर हे खळगे उघडे दिसतात. लोक त्यात पाय सोडून बसतात.

गंमत तिथवरच. पाण्याखालचा तोच खळगा म्हणजे पायाचा सापळा. वाहत्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न केला, पाय खळग्यात किंवा दोन दगडांच्या फटीत गेला, की मागून येणारं पाणी माणसाला पुढे वाकवतं. मांडीएवढ्या पाण्यातसुद्धा मग डोकं वर राहत नाही. ओढून पाय निघत नाही, कारण ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने मागे, म्हणजे प्रवाहाच्या उलट, काढावा लागतो. नियम सोपा आहे : पाणी गुडघ्याच्या खाली येईपर्यंत उभं राहायचं नाही. घरच्यांना बाकी काही सांगितलं नाही तरी एवढं सांगाच. आपल्याकडे पाण्यात पडल्यावर ‘पाय टेकतात का बघ’ हीच पहिली शिकवण असते, इथे ती उलटी करायची आहे.

अनघा_रिचमंड
बापरे. हे कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद.
नावाडी, गेजचं नीट समजलं नाही. आज ४.३ दिसतोय. म्हणजे नदी सव्वाचार फूट खोल आहे का? मग सासरे उभे राहिले तरी डोकं वर राहील असं मला वाटत होतं!

नावाडी
नाही नाही. हा गोंधळ सगळ्यांचा होतो. गेज म्हणजे वेस्टहॅमला, म्हणजे खळाळांच्या वरच्या अंगाला, नदीत ठरावीक शून्यापासून मोजलेली पाण्याची उंची. ती खोली नव्हे. ४.३ ला एखाद्या ठिकाणी घोट्याएवढं पाणी असेल आणि शेजारच्या डोहात दोन पुरुष खोल.

ढोबळ अंदाज असा धरा :

४ च्या आसपास आणि खाली : उन्हाळ्यातलं नेहमीचं पाणी. अपर अगदी निवांत, काही ठिकाणी राफ्ट दगडांवर घासते, ढकलावी लागते. लोअर दगडाळ, वळणं घेत जायचं.

५ : इथून शहराचा नियम लागू होतो, नदीत उतरणाऱ्या प्रत्येकाला लाइफ जॅकेट सक्तीचं. (राफ्टिंग कंपन्या ते कुठल्याही पातळीला घालायलाच लावतात.) दगड बुडायला लागतात, लाटा मोठ्या होतात, लोअरला खरा जोर येतो.

९ : याच्या वर नदी बंद, परवाना असेल तरच उतरता येतं. घरच्या मंडळींसाठी तो विषयच संपला.

अजून एक. हवामान खात्याच्या पानावर रिचमंडचे दोन गेज दिसतात. दुसरा ‘सिटी लॉक्स’चा, तो खाली भरतीच्या पाण्यात आहे, भरती-ओहोटीने वर-खाली होतो. त्याचा आकडा बघून राफ्टिंग ठरवू नका. वेस्टहॅमच बघायचा.

आणि रिचमंडमध्ये ऊन आहे म्हणून पाणी कमी असेल असं धरू नका. जेम्सचा पसारा पार ॲलेघेनीच्या डोंगरांपर्यंत आहे. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या लिंचबर्ग शहराच्या वर जोराचा पाऊस झाला की तो लोंढा इथे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोचतो, कडकडीत उन्हात. म्हणून नुसता आजचा आकडा नाही, पुढच्या तीन दिवसांचा अंदाजाचा आलेखही बघा. आलेख चढता असेल तर सकाळचा आकडा दुपारी खरा राहत नाही.

कोलाडकर
इथेच आमच्या कुंडलिकेचा फरक आहे. कोलाडला पाऊस आणि पाणी यांचा तसा थेट संबंध नाही. मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून खाली येतं, रावळज्याहून सकाळी सोडतात, आणि त्या पाण्याच्या पाठीवर राफ्ट निघतात. म्हणून तिथे सकाळी वेळेवर पोचण्याचा एवढा आग्रह : पाणी निघून गेलं की मागे दगड उरतात. फायदा हा की पाणी रोज साधारण सारखं, ग्रेड २-३, १२ ते १४ किलोमीटर. तुमच्या दिरांनी कोलाड केलं असेल आणि ‘आम्हाला अनुभव आहे’ म्हणत असतील, तर त्यांना सांगा : जेम्सला असा नळ नाही.

तांबडीमाती
धरणातून पाणी सोडून शहरात राफ्टिंग बघायचं असेल तर जॉर्जियातलं कोलंबस. चॅटाहूची नदीवरचे गिरणीचे जुने दोन बंधारे २०१२ आणि २०१३ मध्ये फोडले आणि अडीच मैलांचा पट्टा मोकळा केला. एका काठाला जॉर्जिया, दुसऱ्या काठाला अलाबामा. वरच्या धरणातून वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतात त्यावर सगळं. सकाळी कमी पाणी, कुटुंबासाठी. दुपारी सोडलं की तीच नदी ओळखू येत नाही. तिथे तारखेपेक्षा तास महत्त्वाचा.

शनिवारपेठ
मग पुण्यात का नाही? खडकवासल्यातून पाणी सोडलं की मुठा काय कमी जोरात असते? शहराच्या मधूनच जाते, पूल आहेत, बघायला गर्दी आहे. महापालिकेने मनावर घेतलं तर होईल.

डोहकाठ
@शनिवारपेठ, जोर आहे, पण जोर म्हणजे राफ्टिंगचं पाणी नव्हे. राफ्टिंगला तीन गोष्टी लागतात : उतार, खळाळाखाली थांबायला शांत पाणी, आणि काठावर चढता येईल अशा जागा. मुठा सोडतात ती पुरात. तेव्हा भिडे पूल पाण्याखाली असतो. वरून सपाट दिसणाऱ्या पाण्याखाली आख्खा पूल आणि त्याचे कठडे, म्हणजे बोटीसाठी आणि माणसासाठी चाळणीच : पाणी आरपार जातं, माणूस अडकतो. दोन्ही बाजूला उभ्या भिंती, थांबायला जागा नाही. पुढे बंड गार्डनचा बंधारा. आणि त्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते पुणेकरांना सांगायला नको.

बंधाऱ्याचा धोका वेगळा सांगतो, कारण तो जेम्सलाही आहे. बुटका बंधारा, चार-सहा फुटांचा, वरून पाण्याची सारखी चादर पडते. दिसायला सुंदर. पण खाली पडलेलं पाणी तळाशी जाऊन वर उसळतं आणि उलटं बंधाऱ्याकडे वळतं. नैसर्गिक खळाळात अशा भोवऱ्याला कुठेतरी फट असते, तिथून माणूस बाहेर फेकला जातो. बंधारा मात्र या काठापासून त्या काठापर्यंत सरळ, त्यामुळे बाहेर पडायला फट नाही. तरंगणारा ओंडका तासन् तास तिथेच गिरक्या घेताना दिसतो. जॅकेट घातलेल्या माणसाचंही तेच होतं. शिवाय त्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की जॅकेट पुरतं उचलत नाही.

जेम्सवर शहराच्या वरच्या बाजूला बोशर धरण आहे, त्याखाली विल्यम्स बेटाच्या उत्तर अंगाला झी डॅम. ही दोन्ही ठिकाणं टाळायचीच. परवानाधारक कंपन्या तिकडे जात नाहीत, कारण त्यांची सुरुवात खाली तरी असते किंवा बेटाच्या दक्षिणेला विल्यम्स बंधाऱ्यात मुद्दाम ठेवलेल्या खाचेतून त्या जातात. घोळ होतो तो दुकानातून ट्यूब आणून आपापलं तरंगत निघणाऱ्यांचा. अनघाताई, गाइड नको, स्वस्तात ट्यूब घेऊ, असं घरात कुणी म्हणालं तर तिथे मात्र ठाम राहा.

शनिवारपेठ
पटलं. भिडे पुलाचं डोक्यातच आलं नव्हतं.

निळाई
पाण्याच्या स्वच्छतेचा प्रश्न मागे राहिला.

रिचमंडच्या जुन्या भागात पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच नळातून जातं. कोरड्या दिवशी ते सगळं शुद्धीकरण केंद्रात पोचतं. मोठा पाऊस पडला की नळ पुरत नाही आणि जादाचं मिश्रण ठरलेल्या तोंडांतून नदीत जातं. हा गळतीचा अपघात नव्हे, त्या काळची रचनाच तशी आहे. व्हर्जिनियाने २०२० मध्ये कायदा केला आणि ही व्यवस्था दुरुस्त करायला शहराला जुलै २०३५ पर्यंत मुदत दिली. म्हणजे काम चालू आहे, पण या जूनला ते संपलेलं नसेल.

व्यवहारात काय करायचं : मोठ्या पावसानंतर दोन ते तीन दिवस नदीत उतरू नका. त्यातून ही तोंडं बरीचशी शहराच्या मध्यावर आणि खाली आहेत, त्यामुळे अपरला त्रास त्या मानाने कमी. पण वरून शेतांचं आणि गोठ्यांचं पाणी येतंच, म्हणून नियम दोन्हीकडे पाळा. उन्हाळ्यात दर आठवड्याला ठिकठिकाणचे नमुने तपासून जंतूंचं प्रमाण जाहीर करतात, तेही बघता येतं. कोरडा आठवडा असेल तर जेम्स पोहण्यासारखी असते, आणि ही मोठी गोष्ट आहे. १९७५ मध्ये केपोन नावाच्या कीटकनाशकामुळे याच नदीच्या खालच्या अंगाला मासेमारी बंद करावी लागली होती. आज शरद ऋतूत तिथे सहा-सहा फुटी स्टर्जन मासे पाण्याबाहेर उड्या मारताना दिसतात.

तोंड मिटून ठेवा, उघडी जखम असेल तर त्या दिवशी जाऊ नका, आणि ट्रिप संपल्यावर खाण्याआधी हात साबणाने धुवा. मुलांना हे दोनदा सांगावं लागतं.

मेधाताई
आपल्या मंडळींसाठी कपड्यांचं सांगते, कारण कंपनीच्या यादीत हे नसतं.

सुती कपडे नकोत. सुती ओढणी, कुर्ता, जीन्स ओली झाली की जड होते आणि वाळत नाही. खेळाचे सिंथेटिक टी-शर्ट आणि गुडघ्याखालपर्यंतची लेगिंग्ज उत्तम. सासूबाईंना संकोच वाटत असेल तर पूर्ण लेगिंग्ज आणि वरून लांब बाह्यांचा स्विमचा शर्ट, उन्हापासूनही बचाव होतो. लोंबणारं, गुंडाळणारं काही नको.

मंगळसूत्र, अंगठ्या, बांगड्या घरी. अंगठीचं कारण समजावून सांगा : बोटीची दोरी धरलेली असताना हात ओढला गेला आणि अंगठी दोरीत अडकली तर बोटाची कातडी सोलली जाते. मंगळसूत्र जॅकेटच्या पट्ट्यात अडकतं. काढायला मन तयार होत नसेल तर काठावर बसून फोटो काढायचं काम त्यांना द्या, पण घालून बोटीत नको.

चपला चालत नाहीत. मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट. अनवाणी अजिबात नाही, जुन्या पुलांच्या आणि बंधाऱ्यांच्या अवशेषांतून लोखंडी सळ्या नदीत राहिल्यात. चष्म्याला मागून दोरी. इन्हेलर लागत असेल तर गाइडला सांगून त्याच्या कोरड्या पिशवीत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, नुकतं झालेलं ऑपरेशन, खांदा निखळण्याचा इतिहास, गरोदरपण : हे बुकिंगच्या वेळीच सांगायचं, काठावर नाही.

आणि हो, भारतातून येणाऱ्यांच्या प्रवास विम्यात साहसी खेळ वगळलेले असतात का, ते कागद उघडून बघा.

सह्यवारा
बंधारा आणि पायाचा सापळा हे मला एवढं माहीत नव्हतं, मान्य. पण उन्हाळ्यातलं कमी पाणी सुरक्षित हे तरी खरं ना? जूनअखेर ४ च्या खाली गेलं तर सगळे लोअरला जाऊ शकतील.

डोहकाठ
कमी पाण्याचे धोके कमी नसतात, वेगळे असतात. लाटा लहान, पण दगड उघडे. राफ्ट आडवी होऊन दगडाला टेकली की प्रवाहाकडची बाजू पाणी खाली ओढतं, आणि दोन-तीन सेकंदांत राफ्ट दगडाला पोळीसारखी गुंडाळली जाते. अशा वेळी गाइड ‘हाय साइड!’ ओरडतो. त्याचा अर्थ दगडाच्या बाजूला झेप घ्यायची, सगळ्यांनी, ताबडतोब. माणूस स्वभावाने उलट करतो, दगडापासून लांब सरकतो, आणि तेवढ्यानेच प्रवाहाकडची कड बुडते. ६४ वर्षांच्या माणसाला एका हाकेसरशी तिकडे उडी मारता येईल का, हा प्रश्न वयाचा नाही, गुडघ्यांचा आहे. तो घरीच विचारून घ्या.

नावाडी
डोहकाठ यांच्याशी सहमत. आता पोहता न येण्याबद्दल, कारण अनघाताईंचा मूळ काळजीचा मुद्दा तो आहे.

पोहता येणं हे राफ्टिंगमध्ये लोकांना वाटतं तेवढं महत्त्वाचं नाही, पाण्यात न घाबरणं महत्त्वाचं आहे. राफ्टिंगच्या जॅकेटची उचल साधारण २२ पौंड, आणि माणसाला पाण्यात डोकं वर ठेवायला ७ ते १२ पौंड पुरतात. पण जॅकेट अंगाला बसलेलं हवं. पट्टे खालून वर आवळत जायचे, मग दुसऱ्याने खांद्याच्या पट्ट्यांना धरून जोरात वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. बारीक अंगाच्या सासूबाई आणि पोट सुटलेले सासरे, दोघांना वेगळे आकार लागतील, लाजून ‘चालेल’ म्हणू नका.

पडलं तर : पाठीवर, पाय पुढे प्रवाहाच्या दिशेला, अंगठे पाण्याबाहेर दिसले पाहिजेत. दगड आला तर पायाने ढकलायचा. हाताने बोटीकडे वळायचं. लाटेच्या खोबणीत श्वास, माथ्यावर तोंड बंद. दोरीची पिशवी फेकली तर पिशवी नाही, दोरी पकडायची, छातीशी धरून पाठीवर वळायचं, हाताला गुंडाळायची नाही.

बोटीतल्यांनी पडलेल्याचा हात धरून ओढू नये, खांदा निखळतो. त्याच्याकडे तोंड करून जॅकेटचे दोन्ही खांद्यांचे पट्टे धरायचे, गुडघे बोटीच्या फुगीर कडेला टेकवायचे, आणि सरळ मागे पडायचं. स्वतःच्या वजनाने तो आत येतो. जाऊबाई अशाने दिरांना आत घेऊ शकतात, ताकद लागत नाही.

वल्ह्याच्या टोकाला टी आकाराची मूठ असते, तिच्यावरचा हात कधीही सोडायचा नाही. राफ्टिंगमध्ये दात पडतात ते दगडाने कमी, शेजाऱ्याच्या मोकळ्या मुठीने जास्त. बसायचं बाहेरच्या कडेवर, आत फुगलेल्या आडव्या नळीखाली पाऊल खोचून. पाऊल घट्ट असावं पण झटका देऊन निघालं पाहिजे.

आणि भीती वाटली की माणूस वल्हं मारायचं थांबवतो. तेच नको. खळाळात वल्हं पाण्यात असलेला माणूस जास्त स्थिर बसतो, कारण वल्हं पाण्याला टेकलेलं असतं.

कोलाडकर
+१. शेवटचा परिच्छेद छापून बोटीवर चिकटवावा असा आहे.
सासूबाईंनी ‘फॉरवर्ड’ची आज्ञा दिली तर घरातला एकही जण वल्हं थांबवणार नाही, गाइडचं काम हलकं होईल :)

तांबडीमाती
एक छोटी गोष्ट : काठावर उन्हात फुगवलेली राफ्ट टणक लागते, पाण्यात गेली की आतली हवा गार होऊन नळ्या मऊ पडतात. चांगला गाइड पाण्यात उतरवल्यावर पाच मिनिटांनी पंपाने पुन्हा भरतो. मऊ राफ्ट लाटेत मधून दुमडते आणि पुढचे दोघे उडतात. गाइड पंप हातात घेताना दिसला तर ‘हवा गळतेय का’ म्हणून घाबरू नका, तो काळजीपूर्वक काम करतोय.

कातळ
अवांतर : पाइपलाइनच्या खळाळाशेजारी, रेल्वेच्या उंच पुलाखाली, मोठे राखी बगळे घरटी करतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये निष्पर्ण झाडांवर ती स्पष्ट दिसतात. राफ्टिंगला न जाणाऱ्यांना बेल आइलवर पाठवा, पादचारी पुलावरून जाता येतं. तिथल्या सपाट खडकांवरून हॉलिवूडमधून जाणाऱ्या राफ्ट अगदी समोर दिसतात.

अनघा_रिचमंड
सगळ्यांचे मनापासून आभार. कागदावर असं मांडलंय, चुकत असेल तर सांगा :

शनिवारी अपर : सासू-सासरे, जाऊबाई, ९ वर्षांचा आर्यन आणि मी. पोनी पाश्चर ते रीडी क्रीक.
रविवारी लोअर : दीर, नवरा आणि १५ वर्षांची पुतणी. आम्ही बाकीचे बेल आइलच्या खडकांवर.
गेज ५ च्या वर असेल तर आर्यनचं कंपनीला पुन्हा विचारायचं. मोठा पाऊस झाला तर तीन दिवस पुढे ढकलायचं.
दोन्ही दिवशी दुपारची वेळ घेतलीय, पाहुणे सकाळी उशिरा उठतात.

नावाडी
सगळं बरोबर, वेळ बदला. जूनमध्ये व्हर्जिनियात दुपारनंतर वादळी पाऊस आणि विजा हमखास. मेघगर्जना ऐकू आली की सगळ्यांना पाण्याबाहेर काढतात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबवतात, पुन्हा गडगडलं की पुन्हा अर्धा तास. ओल्या कपड्यांत काठावर सासूबाईंना ताटकळत बसवण्यापेक्षा सकाळची पहिली ट्रिप घ्या. जेट लॅगमुळे पहिल्या आठवड्यात सगळे पहाटे चारलाच उठलेले असतील.

दुसरं, सोमवार-मंगळवार मोकळे ठेवता आले तर बघा. ढकलायची वेळ आली तर जागा हवी, आणि शनिवार-रविवारपेक्षा पोनी पाश्चरला गाडी लावायला जागाही मिळते.

आणि गाइडला टिप द्यायची पद्धत आहे, साधारण १० ते २० टक्के, रोख. पाकीट गाडीत राहतं आणि मग पंचाईत होते, म्हणून नोटा गाडीच्या किल्लीबरोबर वेगळ्या ठेवा.

अनघा_रिचमंड
सकाळी ९ ची मिळाली! सोमवार-मंगळवारची, म्हणून दोन्ही दिवस बदलले. गुरुवारी रात्री गेजचा आलेख बघून इथे टाकते.

निळाई
टाका. शनिवार-रविवारचा पाऊसही लिहा त्यात, रिचमंडचा आणि लिंचबर्गचा, दोन्ही. आणि रविवारी रात्री पुन्हा एकदा बघा, गुरुवारचा अंदाज सोमवारपर्यंत टिकेलच असं नाही.